मालूनं न उघडलेलं मडकं

कोलाडजवळ हमरस्ता सोडून आत गेलं की एक लहानशी वाडी लागते. ऐंशी सालाच्या आसपास या वाडीला सरपंच होता, पोलीसपाटील होता, पण राज्य होतं हैबतरावांचं. हैबतरावांकडे पद कुठलंच नव्हतं. त्यांच्याकडे नाक होतं.

भातानंतर त्याच शेतात वाल होतो आणि शेंगा भरल्या की पोपटी लागते, म्हणजे शेतातच मडक्यात शेंगा भाजायचा बेत. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ लावलेल्या शेंगा, मधे अंडी, तोंडाशी पुन्हा पाला. मग मडकं शेतात उपडं घालून भोवती पेंढा नि गोवऱ्या पेटवायच्या. इथपर्यंत कुणालाही जमतं. अवघड असतं ते मडकं काढायचं कधी, हे ठरवणं. आत डोकावता येत नाही. लवकर उघडलं तर शेंगा कच्च्या, आणि एकदा वाफ गेली की पुन्हा झाकून उपयोग नसतो. उशीर झाला तर कोळसा.

वाडीत हा निर्णय हैबतरावांचा. ते वाऱ्याच्या तोंडाला उभे राहत, डोळे मिटत, नाक वर करत आणि एकदम म्हणत, "काढा!" की पुरुषमंडळी काठ्या घेऊन धावत. शेंगा जरा करकरीत लागायच्या, पण हैबतरावांसमोर सगळे माना डोलावून खायचे. दुसऱ्या दिवशी अर्ध्या वाडीचं पोट दुखायचं, ते थंडीनं.

बायकांनी शेंगा खुडायच्या, पाला आणायचा, मडकं धुवायचं. जाळाजवळ यायचं नाही.

मालू ही हैबतरावांची पुतणी. बाप लहानपणीच गेला, म्हणून काकानंच वाढवलेली. त्यामुळे नाकाची उंची सारखीच. ती मॅट्रिक झाली आणि रोह्याच्या एका नव्या कंपनीत पॅकिंगला तिची निवड झाली. हैबतरावांनी अंगणातून जाहीर केलं, "आपल्या घरातली पोरगी शिफ्टला जाणार नाय."

"का नाय, काका?"

"जिला साधं मडकं भाजता येत नाय, ती कंपनीत काय करणार?"

"कधी भाजू दिलंत?"

शेजारच्या ओट्यावर याकूब बसला होता. कोंबड्या-अंड्यांचा व्यापारी आणि हैबतरावांचा शाळेपासूनचा सोबती, म्हणून त्यांना चिडवायचा परवाना एकट्या त्याच्याकडे. तो म्हणाला, "बरोबर बोलतेय की! घाबरलास काय पोरीला?"

"मी घाबरतोय? भाज म्हणावं! चांगली निघाली तर खुशाल जा कंपनीत. कच्ची निघाली तर पुन्हा नाव काढायचं नाय."

"अंडी माझ्याकडून," याकूब म्हणाला.

दिवेलागणीला सगळी वाडी शेतात हजर. बायकाही आल्या, कारण आज मालूच जाळाजवळ होती, तर त्यांना हाकलणार कोण? कुणाला मालूची काळजी, कुणाला शेंगांची. बाकीच्यांना एवढंच बघायचं होतं, की हैबतरावांना न विचारता मडकं तापतं तरी का.

जाळ चांगला धरला. हैबतराव गप्प बसणार म्हणून आले होते, पण नाकाला कोण सांगणार? ते उठले, डोळे मिटले, मान वर केली.

"काढा!"

सवयच ती. काठ्या घेऊन मंडळी उठलीसुद्धा. मालू जाळापुढे आडवी उभी राहिली. तांब्यात बोटं बुडवून तिनं मडक्यावर पाणी शिंपडलं. पाणी मुकाट ओघळलं.

"चरचरत नाय अजून. नाय काढायचं."

"मी सांगतोय, काढ!"

"मडकं नाय म्हणतंय, काका."

"मडकं काय बोलतंय? मी बोलतोय!"

"रोज तुमचंच ऐकतो. आज मडक्याचं ऐकू."

काठ्या हवेतच थांबल्या. तेवढ्यात हैबतरावांची बायको, शांतीकाकी, जी नवऱ्यासमोर कधी बसलीही नव्हती, ती बांधावर ऐसपैस बसली. "बसा गो सगळ्या. पोरगी सांगेल तवा काढू." बायका बसल्या. मग काठ्या टेकवून पुरुषही बसले. उभे एकटे हैबतराव.

त्यांनी मुद्दाम लवकर सांगितलं का, यावर वाडीत पुढे बरेच दिवस वाद चालला. याकूबचं मत ठाम होतं: "लबाडी नाय हो. त्याला तसाच वास येतो. जन्मभर आपण कच्च्याच खाल्ल्या."

मालूनं पुन्हा पाणी मारलं, पुन्हा मारलं. शेवटी चर्र झालं तेव्हा तिनं मडकं काढून गोणपाटावर ओतलं. एका बाजूच्या शेंगा करपल्या होत्या. बाकीच्या बोटांत धरताच उमलत होत्या. पोपटी अशी लागते होय, असा चेहरा करून वाडी नुसती चघळत होती.

हैबतरावांनी ओंजळभर संपवल्या, दुसरी घेतली. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"मीठ कमी हाय."

"मिठाचं नव्हतं ठरलं," मालू म्हणाली.

त्यांनी अंडं सोललं, अख्खं तोंडात घातलं, गिळलं. "जा."

सोमवारी मालू एसटीच्या थांब्यावर आली, तर धुतलेली टोपी घालून हैबतराव आधीच उभे. साहेबाला चार गोष्टी समजावून सांगणार होते. कंपनीच्या दरवानानं मालूला आत सोडलं आणि त्यांना अडवलं. शिफ्ट सुटेपर्यंत ते समोरच्या टपरीवर बसून त्या फाटकाकडे बघत राहिले.

परतीच्या एसटीत कोलाड जवळ येईपर्यंत त्यांनी कसाबसा दम धरला.

"आत असतं तरी काय गो?"

मालूनं सांगितलं: पट्ट्यावरून सरकणाऱ्या पिशव्या, गार पाण्याचा नळ, आणि पॅकिंग न बघताच लांबून ओरडणारा सुपरवायझर.

"न बघता?" हैबतराव सीटवरून उठलेच. "अजिबात ऐकू नको त्याचं! साहेब असेल त्याच्या घरी. अशा माणसांना तोंडावर सांगायचं असतं, मालू!"

"व्हय, काका," मालू म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून हसली.