सात दिवस निरंक

राज्य नवं झालं आणि आमची भोपाळहून रायपूरला बदली झाली. ऑफिसात कपाटं अजून यायची होती, पण माहिती मागवणारी पत्रं आधीच पोचली होती. वीस वर्षं मी एक काम इमानदारीनं केलं: कुठल्याही तक्त्यात रकाना रिकामा सोडला नाही. कळवण्यासारखं काही नसलं की सुंदर अक्षरात लिहायचं, 'निरंक'. साहेब खूश, फाइल पुढे.

घरात मात्र आमच्या पोट्टीनं बोलणंच बंद केलं. अकरावीत होती. मैत्रिणी भोपाळला राहिल्या. शाळेची वेळ झाली की पोट दुखायचं, मग दिवसभर भिंतीकडे तोंड. पोटाच्या डॉक्टरनंच शंकर नगरातल्या एका समुपदेशक बाईंचा पत्ता दिला. आख्ख्या रायपुरात दुसरं कोणी मला ठाऊक नव्हतं.

दर मंगळवारी स्कूटरवर न्यायचो. ती आत, मी बाहेर स्टुलावर, बंद दाराकडे बघत. दार उघडलं की विचारायचो, "कुछ प्रोग्रेस, मैडम?"

"उसे बताना होगा तो खुद बताएगी, भाईसाहब."

दीड महिना हेच उत्तर! मंत्र्याच्या पीएनंही मला इतकं ताटकळवलं नव्हतं. घरी बायको दारातच उभी. "काय म्हणे?" आता हिला काय सांगू, कपाळ?

मग बाईंनी पोरीला एक कागद दिला. सात दिवसांचे सात रकाने. त्या त्या दिवशी मनात काय आलं ते लिहायचं. सोमवारी संध्याकाळी पाहतो तर टेबलावर कागद कोरा. माझा हात शिवशिवला. मॅडम काय म्हणतील, पोरीचं इम्प्रेशन काय राहील! बसलो आणि सातही ठिकाणी लिहून टाकलं, निरंक. खाली शिक्का मारला नाही, एवढेच उपकार.

मंगळवारी बाईंच्या दाराशी तिनं कागदाची घडी उघडली.

"पापा, ये आपने लिखा है ना?"

"अगं, कोरा होता म्हणून..."

"खाली ही देना था! मैडम ने बोला था, मन न हो तो खाली छोड़ देना. मैं नहीं जा रही अंदर. अब आप ही जाओ."

दीड महिन्यात ती माझ्याशी एवढं बोलली नव्हती. आनंद मानावा तर ती स्टुलावर बसलेली, माझ्याच जागेवर.

"चाल न बेटा. काहून असं करून राहिली?"

तिनं दप्तर मांडीवर ओढून घेतलं. ती आपणहून जायची असं हे एक दार होतं, तेही मीच बंद करून बसलो होतो. शेवटी मी आत गेलो.

"बोलिए," बाई म्हणाल्या.

तीन-तीन पानांच्या टिपण्या लिहिणारा मी! आधी म्हणालो, पंखा आवाज करतो. मग म्हणालो, ऑफिसात सांगितलंय की पोरगी ट्यूशनला जाते. त्यानंतर बराच वेळ काहीच सुचेना. बाईंनीही ती जागा भरली नाही.

बाहेर आलो. पोरीनं मान वर केली.

"क्या बताया आपने?"

"काही नाही."

"मतलब निरंक?"

हसली नाही, पण गालाला काहीतरी झालं. आत जाऊन तिनं नवा कागद मागून आणला आणि दप्तराच्या आतल्या खणात घालून चेन ओढली.

"अगले मंगल को मैं जाऊँगी. आप स्टूल पे."

गेली. दर मंगळवारी गेली. त्या कागदांवर काय लिहायची, की कोरेच न्यायची, ते मला आजवर कळलेलं नाही. जीव नुसता चडफडतो.