हळदीकुंकवाचा सीपीयू

शनिवारी इकडे परदेशात, आमच्या युनिव्हर्सिटीच्या पार्किंग लॉटमध्ये, जुनी इलेक्ट्रॉनिक यंत्रं गोळा करायचा ई-वेस्ट ड्राइव्ह होता आणि तो मी चालवत होते... म्हणजे व्यवस्थित होणारच होता. लॅबमध्ये उगाच चालू ठेवलेले मॉनिटर बंद करत आणि लोकांचे टोमणे ऐकत मी वर्ष काढलंय.

सुरुवात घरापासून करावी म्हणून निघताना आमच्या टेबलाखालचा जुना सीपीयू उचलला. होता रूममेटचा, नागपूरच्या वैशालीचा. पण नवा लॅपटॉप घेतल्यापासून ती त्याच्याकडे ढुंकूनही बघत नव्हती, आणि आत्ता झोपली होती. एवढ्यासाठी कशाला उठवायचं...

दसऱ्याला तिने याच सीपीयूची हळदीकुंकू लावून पूजा केली होती. हळद आत गेली तर फॅन बंद पडेल, असं मी तेव्हा तिला सुनावलंही होतं.

अकराच्या सुमारास तिचा फोन आला. आवाज अगदी बारीक. "अगं, तो सीपीयू तू नेलास? माझ्या थीसिसच्या प्रयोगांची दोन वर्षांची रीडिंग्ज त्यातच आहेत. कॉपी करायची राहूनच गेली."

आलेल्या प्रत्येक मशीनची हार्ड डिस्क काढायची आणि ड्रिलने तिला भोक पाडायचं, हा नियम माझाच. कुणाचा डेटा बाहेर जायला नको म्हणून... पोस्टरवर मोठ्या अक्षरांत छापला होता.

पार्किंग लॉटच्या दुसऱ्या टोकाला धावत गेले. सीपीयूंचा ढीग, सगळे एकाच मळकट रंगाचे, आणि ड्रिल चालूच...

ड्रिलवर आमच्या आयटीतला वॉल्टर होता. रिटायरमेंटला आलेला, अबोल माणूस. पिवळे-लाल ठिपके असलेला एखादा आला होता का, असं मी धापा टाकत विचारलं. त्याने ड्रिल थांबवलं आणि खुर्चीमागे बोट दाखवलं. आमचा सीपीयू तिथे बाजूला ठेवलेला होता, न उघडलेला.

म्हणाला, "यावर कुणीतरी प्रार्थना केलेली दिसली. विचारल्याशिवाय भोक कसं पाडणार?"

विचारल्याशिवाय... एका घरात राहून मला जे सुचलं नाही, ते या परक्या माणसाला सुचलं. खरंच लाज वाटली. घरी जाऊन आधी वैशालीची माफी मागितली. तिने रीडिंग्ज सीडीवर कॉपी केली, तीही दोनदा, आणि मग तो सीपीयू स्वतः वॉल्टरकडे नेऊन दिला.

पुढच्या वर्षीचा ड्राइव्हही मीच चालवणार, त्यात शंका नको. फक्त फॉर्मवर पहिला प्रश्न नवीन असेल : हे मशीन तुमचंच आहे ना?

वॉल्टर, तुला हे वाचता येणार नाही... पण तू विचारायला थांबलास, म्हणून माझी मैत्रीण आज शांतपणे थीसिस लिहितेय.