साकीनाक्यात धुतलेली फ्लॉपी

साकीनाक्याच्या मीना सावंत नसत्या, तर सांगलीला परतायला मला तोंड राहिलं नसतं. म्हणून आधी त्यांचं नाव.

मी ज्यांच्या हाताखाली काम करतो, त्या सांगलीच्या अण्णांनी संगणकात हवी ती फाइल चटकन शोधायची रीत काढली. एकेक फाइल उघडत बसायचं नाही; आधी करून ठेवलेल्या खुणांवरून थेट तिच्याकडे जायचं. पेटंट कचेरी म्हणाली, हे नुसतं गणित, याला पेटंट नाही. अण्णांनी अपील केलं आणि नेमके काविळीनं आडवे झाले. मग ती रीत भरलेली फ्लॉपी (माहिती साठवायची पातळ तबकडी) घेऊन मुंबईला मी निघालो. आठवीतून शाळा सुटलेली, मुंबई कधी पाहिलेली नाही.

सकाळी घाटकोपरला एसटीतून उतरलो, पिशवी छातीशी धरून साकीनाक्याची बस पकडली. तिथं सांताक्रूझला उतरणारं विमान डोक्यावरून इतकं खालून गेलं, की मी रस्त्यातच मटकन बसलो.

"नवा काय रे?" उसळपाववाला हसला. उसळ झणझणीत होती, पण माझं लक्ष सगळं संध्याकाळकडे. संध्याकाळी मुलुंडहून अण्णांचे वकीलसाहेब येणार होते. त्यांनी बजावलं होतं, 'रीत चालताना दिसली नाही, तर उद्याच्या सुनावणीत अपील मागे घेईन.'

संगणक होता एका गाळ्यात (कारखान्याच्या खोलीत). तो चालवणाऱ्या मीनाताईंनी फ्लॉपी पाकिटातून काढली आणि ओरडल्याच.

"हिला हळदकुंकू कोणी लावलं?"

"अण्णांच्या आईनं. शुभकामाला निघाली म्हणून."

"मेल्या, लग्नाला निघालेली काय ती? आत गेलंय सगळं!"

दुसरी प्रत सांगलीत.

"कव्हर कापून तबकडी धुते. वाचली तर वाचली, नायतर वाट लागली. बोल, कापू?"

अण्णांना विचारायला ट्रंक कॉल लावला, लागेना. रात्र रात्र जागून लाल झालेले त्यांचे डोळे आठवले. "कापा," मी म्हणालो.

ताईंनी तबकडी साबणाच्या पाण्यात हलकेच बुडवली, मऊ फडक्यानं टिपली, पंख्याखाली वाळवली, दुसऱ्या फ्लॉपीच्या कव्हरात सरकवली. तोवर वकीलसाहेब दारात. यंत्र कुरकुरलं, थांबलं. मला देवाचं नावसुद्धा सुचेना. पुन्हा कुरकुरलं, आणि मागितलेली फाइल पडद्यावर आली.

"चला, उद्या भांडू," वकीलसाहेब म्हणाले.

"आता डोळे पूस बघू," ताई म्हणाल्या.

कोर्टात वकीलसाहेब भांडले; निकाल यायचाय. परतताना खंडाळ्याच्या घाटात मला गाढ झोप लागली. एवढ्या मोठ्या गावात मला ओळखणारं कोणी नव्हतं, तरी ताईंनी मला एकटं पडू दिलं नाही. त्यांच्यावर कधी अशी वेळ आली, तर निरोप येताच मिळेल त्या गाडीनं मी जाईन आणि काम होईपर्यंत त्यांच्या शेजारून हलणार नाही.