मिटलेल्या डोळ्यांचा फोटो

“डोळे मिट,” औरंगाबादचे डॉक्टर म्हणाले. मी मिटले. “दोन्ही मिट,” ते म्हणाले. मी दोन्ही मिटलेच होते.

याला एक्ट्रोपियन म्हणतात, त्यांनी समजावलं. भाजलेली कातडी आकसते आणि खालची पापणी बाहेर ओढून धरते. डोळा पुरता मिटत नाही, बुबुळ कोरडं पडतं. “फार थांबलात तर नजर जाईल.” कानामागची कातडी पापणीखाली लावायची, हाच इलाज.

घनसावंगीजवळच्या आमच्या गुऱ्हाळात काहिलीतला, म्हणजे गुळाच्या मोठ्या कढईतला, उकळता रस माझ्या गालावर उडाला होता. जखम भरली, सगळे निर्धास्त झाले. डाव्या डोळ्यातून सारखं पाणी यायचं, ते रडणं समजून आई मला उगी उगी करायची.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सगळ्या घराचा विमा उतरवला होता. आधी कंपनीला विचारा, सोबत चेहऱ्याचा फोटो द्या, असं एजंट म्हणाला. होकार आला तर ऑपरेशन लगेच, नाहीतर ऊस जाऊन पैसे हातात आल्यावर. डोळा तोवर थांबणार नव्हता.

फोटो जिल्ह्याच्या गावी, मस्तगड भागातल्या स्टुडिओत काढला. आमच्याकडच्या मुलींचे स्थळांना दाखवायचे फोटो तिथलेच. “मान जरा तिरपी,” फोटोवाले काका म्हणाले. “डोळे मोठे उघड. हां, बराबर.” तयार फोटोचं पाकीट अण्णांनी न उघडताच एजंटाला दिलं.

मग नुसतं वाट पाहणं. मला एका जागी बसवेना. पोस्टमन दिसला की मी दारात. उठसूट उजवा डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचून बघायची. आकडे पुसट दिसले की डोळा पुसून पुन्हा वाचायची.

उत्तर आलं ते नकाराचं. हे ऑपरेशन कॉस्मेटिक, म्हणजे रूप सुधारण्यासाठीचं, ते विम्यात बसत नाही.

“पोरीचा डोळा मिटंना, अन् ह्यांला नटणं वाटून राह्यलं!” अण्णा भडकले.

फोटोही परत आला होता. आता तो मी पाहिला. गालावर डागच नव्हता, पापणी जागच्या जागी होती. मी छान दिसत होते. क्षणभर मला तो आवडला, खोटं कशाला बोलू?

आम्ही तडक स्टुडिओ गाठला. काकांनी नेहमीप्रमाणे निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून डाग मिटवला होता, पापणी सरळ केली होती. “मला वाटलं, स्थळासाठीच असंल,” ते ओशाळून म्हणाले. “पोरीच्या फोटोत डाग कसा ठिवू?” अण्णांना चिडावं की हसावं कळेना.

“काका, आता डोळे मिटून काढा,” मी म्हणाले. “अन् पेन्सिलीला हात लावू नका.”

मी डोळे मिटले. डाव्या डोळ्याच्या फटीतून दिवे दिसत होते. कॅमेऱ्यामागे डोळे पुसणारे काकाही दिसत होते.

या वेळी डॉक्टरांनी लिहून दिलं की हे ऑपरेशन रिकन्स्ट्रक्टिव्ह आहे, म्हणजे बिघडलेला अवयव पुन्हा कामाचा करण्यासाठी. सोबत तो फोटो गेला. होकार आला.

तुमच्या घरी अशी वेळ आली, तर काय दिसतं यापेक्षा काय होत नाही ते दाखवा. आणि पाकीट उघडून बघा, बाबांनो. आमच्या माणसांची माया डाग आधी पुसते. त्या मायेवर मला रागावता आलं नाही.

ऑपरेशननंतरची पट्टी निघाली. गालावरचा डाग तसाच होता, अजून आहे. “डोळे मिट,” डॉक्टर म्हणाले.

मी मिटले. दोन्हीकडे अंधार झाला, पुरा, बिनफटीचा.

“उघड आता,” डॉक्टर म्हणाले.

“थांबा ना जरा,” मी म्हणाले.