टोपलीखालचा आवाज

भूतखेत, अंगात येणं, मेलेल्यांनी स्वप्नात येऊन सांगणं... यातलं मी कधीच काही मानलं नाही. शाळा चौथीपर्यंतच, पण डोळे उघडे आहेत. निपाणीला शेजारच्या बाईच्या अंगात यायचं, तेव्हा मी तिच्या पायांकडे बघायचे. खाली ठेवलेली कपबशी चुकवून बरोबर नाचायची. फोनवर लोक आपापले अनुभव लिहितात, ते मी दुपारी वाचते आणि निम्म्यांना हसते. म्हणून हे कुणाला पाठवणार नाही. लिहून ठेवते, एवढंच.

मल्लेश्वरमला आमचं जुनं भाड्याचं घर, खाली यांचं शिवणाचं दुकान. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्ती, शेवटपर्यंत आमच्याकडे होत्या. धाकटे दीर, विनायक, इंदिरानगरला राहतात. त्यांची बायको पल्लवी व्हिडिओ करते. पुण्याची, भरपूर शिकलेली, चांगली नोकरी होती ती सोडली. आता काय करते, तर सकाळी उठल्याचं दाखवते. उठते, परत झोपते—कारण पहिल्यांदा उठली तेव्हा उजेड नीट नव्हता—मग परत उठते. हे बघायला माणसं आहेत म्हणे. त्यांना काय म्हणावं तेच कळत नाही.

आत्ती अंथरुणाला खिळल्यावर ती दर रविवारी यायला लागली. त्याआधी सणालासुद्धा येत नव्हती. यायची, आत्तींच्या गालाला गाल लावायची आणि फोन बंद झाला की साबणानं हात धुवायची.

"आई, एकच वाक्य बोला ना. लोक विचारतात तुमच्याबद्दल."

आत्ती डोळे मिटून गप्प. तिच्या फोनसमोर त्या एक शब्द बोलल्या नाहीत. ती गेली की मला म्हणायच्या, "शांते, मी मेल्यावर तरी त्या डब्यात मला घालू देऊ नकोस."

मी हो म्हटलं. पण चार माणसांत माझं तोंड उघडत नाही. दुकानात गिऱ्हाईक आलं तरी मी आत जाते.

आत्ती गेल्या. दहावा होसकोटेच्या पुढे एका तळ्याकाठी केला. आमच्यात बायकाही जातात. पल्लवी पांढरा ड्रेस घालून आणि तीन पायांचा स्टँड घेऊन आली. गुरुजींच्या उपरण्याला तिनं छोटा माईक लावला.

"इदेनम्मा, हे काय?" गुरुजी म्हणाले.

"काही नाही गुरुजी, मंत्र क्लिअर येतात."

पिंड ठेवले. चिंचेवर कावळे भरपूर, पण खाली एक येईना. हे पुढे होऊन म्हणाले, "अव्वा, विनूला अंतर देणार नाही." नाही आला. दीर म्हणाले, "अव्वा, दर वर्षी गावाला देवीला जाईन."

"तिला ठाऊक आहे तू जाणार नाहीस," हे म्हणाले.

मग पल्लवी. आधी फोनमध्ये तोंड बघितलं, केस कानामागे घेतले आणि रडायला लागली. "आई, तुमची आठवण मी माझ्या चॅनलवर कायम जिवंत ठेवीन." खालच्या फांदीवरचे कावळे उठून वरच्या फांदीवर गेले. दहाव्याला हसू नये, पण मला आलं.

ऊन चढलं. गुरुजी म्हणाले, "स्वल्प वाट बघू. नाहीतर दर्भाचा कावळा करून शिववतो." म्हणजे आत्तींची इच्छा राहून गेली असं धरायचं आणि घरी जायचं. इच्छा काय होती ते तिथे मला एकटीला माहीत. बोलायला म्हणून एक पाऊल पुढे झाले. सगळे माझ्याकडे बघायला लागले तशी मी खाली बघितलं. तिथे फुलांची टोपली रिकामी पडली होती. ती उचलली आणि स्टँडवरच्या फोनवर पालथी घातली.

"अहो ताई, काय करताय—"

तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत कावळा आला. सरळ पिंडावर. घास घेतला, उडाला. दोघं भाऊ हात जोडून उभे राहिले.

"गुरुजी, परत ठेवता का? शॉट मिस झाला."

"गेलेल्या बाईला परत बोलावू काय, अम्मा?"

"असू दे गं," दीर म्हणाले. तिनं ऐकलं नाही. उरलेल्या भाताचा आपल्या हातानं गोळा केला, फोन लावून बसली. एक कुत्रं आलं आणि खाऊन गेलं.

कावळ्याचं मी समजू शकते. फोन उन्हात चकाकत असेल, पाखरं भीत असतील. अनुभव म्हणतात तो यापुढचा.

संध्याकाळी आमच्या घरी ती टोपलीखालचं बघत बसली. चित्र सगळं काळं, आवाज मात्र आलेला. तिचंच "काय करताय", पंखांची फडफड, दिरांचं "शिवला, शिवला"... आणि मग अगदी जवळ, कानाशी बोलावं तसं—

"सरी शांते... येते मी."

आत्तींचा आवाज. 'बरं' म्हणायचं तिथे त्या 'सरी'च म्हणायच्या. तिथे बायका आम्ही दोघीच होतो आणि शांते म्हणणारं आता कुणी उरलं नव्हतं. हे उठून मोरीत गेले आणि नळ सोडून बराच वेळ तिथेच उभे राहिले. पल्लवीनं ते पुन्हा लावलं. मग म्हणाली, "याला फक्त सबटायटल द्यायला हवं."

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ टाकला. आणि बघणारे तिच्यावर तुटून पडले. हे एआय आहे. मेलेल्या म्हातारीला तरी सोडा. गालाला गाल लावलेलं सगळं त्यांनी खरं मानलं होतं, आणि हे तेवढं खोटं.

ती धावत मल्लेश्वरमला आली. कधी नव्हे ते फोन बंद असताना रडली. "ताई, आवाज बनवायला आधी आवाज लागतो. माझ्याकडे आईंचं एक वाक्य नाही हो. कुठून बनवू?" मग डोळे पुसून म्हणाली, "तुम्ही फक्त एवढं सांगा कॅमेऱ्यासमोर, की हा आईंचाच आवाज. तुम्ही साध्या आहात. तुमचं लोकांना खरं वाटेल."

"मला नाही बाई ओळखू आला," मी म्हटलं.

मी चहा टाकला. रात्रीपर्यंत तिनं तो व्हिडिओ काढून टाकला. दीर सांगत होते, आता ती घरातल्या झाडांचे करते.

तो आवाज कुठून आला, मला माहीत नाही. हे त्यावर बोलत नाहीत, मीही विचारत नाही. जिवंतपणी ज्या डब्यासमोर आत्तींनी तोंड उघडलं नाही, त्यातूनच जाताना मला का सांगून गेल्या, ते मला अजून कळलेलं नाही.