पोटावरचे वाल

आई दर मे महिन्यात आमच्याकडे पेणला राहायला येते. तिचं गाव खांबजवळ. मी नोकरीसाठी रोज रोह्याला जा-ये करतो, म्हणजे तिच्या गावापर्यंतचं बरंचसं अंतर रोजच कापतो, पण ती पेणला यायचं म्हटलं की आठवडाभर आधी तयारीला लागते. सोबत तांदूळ, कोकम, आंब्याची साटं आणि नवे कडवे वाल. तिच्या सामानाचं वजन तिच्या स्वतःच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त भरतं. हा अंदाज नव्हे. एकदा मी दोन्ही काट्यावर घेतली होती.

त्या वर्षी आम्ही ठरवलं की आईला बर्फ दाखवायचा. तोपर्यंत तिच्या लेखी उत्तर दिशा पनवेलला संपत होती. मी रेल्वेने चंदीगड, तिथून भाड्याच्या गाडीने मनाली आणि पुढे बोगद्यापलीकडे लाहौल असा बेत आखला. आईने तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाली, "त्यात तुझ्या बापाची तिथी येते."

मी म्हटलं, "दादा गावी पान वाढेलच की."

"त्यो वाढंल. पण बिरडं माझ्या हातचं लागतं त्यांना. आणि मोडाचं."

हे खरं होतं. वडिलांचं बाकी कशाहीबद्दल म्हणणं नसायचं. वालाला मात्र नखाएवढा मोड आलेला असायला हवा. भिजवून, मोड आणून, सोलून केलेलं ते बिरडं. एका वर्षी आईने घाईत मोड न येताच वाल शिजवले, तेव्हा ते ताटावरून उठले आणि शेजारी जाऊन जेवले. आई ते विसरली नव्हती.

"तिथीला उपाशी गेले तर पुढल्या साली येतील काय?" ती म्हणाली. "जिथं असू तिथं पान वाढू. पण मोडाच्या बिरड्याशिवाय मी नाय वाढायची."

मी हो म्हटलं. त्यात अवघड काय, असं वाटलं. पेणला मे महिन्यात रात्री वाल भिजत घातले, सकाळी उपसून फडक्यात बांधले की दुसऱ्या सकाळी मोड फडक्यातून बाहेर डोकावतात. आमच्याकडे तर वाल विसरले की वेल व्हायची वेळ येते.

तेव्हा आमच्याबरोबर चंदीगडपर्यंत वाल, गूळ, कोकम, सुकं खोबरं, ओव्याची पुडी, खलबत्त्यातला बत्ता आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं केळीचं पान गेलं. बत्ता कशाला, असं बायकोने विचारलं. "खोबरं काय दातानं फोडशील, गो?" असं उत्तर मिळालं. मग खल का नाही आणला, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

चंदीगडला त्रेचाळीस अंश तापमान होतं. बायको म्हणाली, "आई, इथेच भिजत घालू या, फटकन मोड येतील." आईला ते पटलं नाही. तिथी सोमवारी होती. इथे घातले तर सोमवारपर्यंत मोडाची दोरी होऊन आंबतील. तिने बोटं मोजून सांगितलं की शनिवारी रात्री भिजत, रविवारी सकाळी बांधायचे, सोमवारी सकाळी सोलायचे. हिशोब बिनचूक होता. फक्त तो पेणचा होता.

शनिवारी रात्री मनालीच्या खोलीत वाल भिजत पडले. रविवारी सकाळी आईने पातेल्यात हात घातला आणि लगेच बाहेर काढला.

"हे पाणी हाय का काय हाय?"

मी खिशातला थर्मामीटर बुडवला. कंपनीत तापमानं नोंदवणं हेच माझं काम असल्याने तो माझ्याजवळ असतोच. नऊ अंश. वाल पुरते फुगलेही नव्हते. आईने एक दाणा दाताखाली धरला आणि ज्या चेहऱ्याने वडील त्या दिवशी ताटावरून उठले होते, साधारण तसा तिचा चेहरा झाला.

कोमट पाणी मागवून वाल पुन्हा भिजवले. ते फुगले, तेव्हा फडक्यात बांधले. पण मोड यायला ऊब हवी, आणि आम्ही तर आणखी वर, आणखी थंडीत निघालो होतो. आईने एकदाच विचारलं, "परत खाली गेलो तर?" मी म्हटलं, पुढच्या मुक्कामाची खोली ठरलेली आहे. ती गप्प बसली. तिचं गप्प बसणं मला कधीच परवडलेलं नाही.

गाडीत मी पुरचुंडी हीटरच्या झरोक्यासमोर धरली. पाच मिनिटांनी थर्मामीटर टोचला तर एका बाजूला एकेचाळीस अंश, दुसऱ्या बाजूला सोळा.

"उकडायचे नायत," आई म्हणाली. "आन ते इकडे."

तिने फडक्याभोवती पंचा गुंडाळला, स्वेटर वर केला, पुरचुंडी पोटाशी धरली, वरून पदर कमरेला करकचून आवळला आणि स्वेटर खाली ओढला. पुढे दीड किलो वालांचं पोट आलं. मी थर्मामीटर द्यायला हात पुढे केला, तो तिने आत सरकवला. बत्तीस अंश. दोन्ही बाजूंनी बत्तीस.

"ओलं लागत नाही का?" मी विचारलं.

"तुम्हा तिघांना कडेवर घेतलं तवा काय कोरडं होतं?"

इथवर सगळं ठीक होतं. पुढे कळलं की तिने हे काम कोंबडी खुडूक बसते त्या शिस्तीने घेतलं होतं. ऊब मोडायची नाही, म्हणजे जागचं हलायचं नाही. गाडी धबधब्यापाशी थांबली, आई उतरली नाही. देवदाराच्या रानात थांबली, उतरली नाही. ते रान असं होतं की वर बघितलं तर मान दुखावी, आणि झाडांच्या मधून नदीचा आवाज येत होता पण नदी दिसत नव्हती. मी काचेतून सांगितलं, "आई, ही झाडं बघ तरी."

"दिसतात हिथून. उंच हायत."

बोगद्यापलीकडच्या पहिल्या नाक्यावर पोलिसाने कागद बघता बघता मागच्या सीटवर नजर टाकली. सत्तरीची बाई, दोन्ही हातांनी पोट धरलेलं. त्याने काळजीने विचारलं, "माताजी, तबियत ठीक है?"

"तबियत बेस हाय," आई म्हणाली. "पोटपे वाल है. कल मोड आएंगे."

पोलिसाने कागद परत दिले. मग ड्रायव्हरला म्हणाला, "गड्ढों में धीरे चलाना."

ड्रायव्हर तिथलाच पहाडी माणूस होता, मिशीवाला, कमी बोलणारा. इतका वेळ आमच्याकडे आरशातून नुसता बघत होता. तो म्हणाला, "माताजी, चिंता मत करो, मैं फूल की तरह चलाऊंगा," आणि खरोखर तसं चालवू लागला. मागून येणाऱ्या सगळ्या गाड्या आम्हाला मागे टाकून गेल्या. एक ट्रॅक्टरही गेला.

नाका मागे पडला आणि झाडं संपली. उघडे डोंगर, वर पांढरे, आणि थोडं पुढे रस्त्याच्या कडेलाच बर्फाचा मोठा उतार. लोक ट्यूबवर बसून घसरत होते. मी गाडी थांबवायला सांगितली. ज्यासाठी पेणहून आलो ते समोर होतं.

"तुम्ही जावा," आई म्हणाली. "मी हाय हिथंच बरी."

"आई, बर्फ आहे हा."

"दिसतोय. पांढरा हाय."

मला राग आला. मी म्हटलं, "तू काचेतूनच बघणार होतीस तर घरी टीव्हीवर दाखवला असता."

"मंग दाखवायचा व्हता," ती म्हणाली. "त्यांचं पान काय टीव्हीवर वाढू?"

बायकोने तोडगा काढला. ती मला म्हणाली, "तुम्ही बसा खुडूक."

मी ड्रायव्हरकडे बघितलं. त्याने खिडकीबाहेर बघितलं.

आईने आधी माझ्या पोटाला हात लावून ऊब तपासली. नंतर थर्मामीटरवर विश्वास ठेवून मला तेहतीस अंश मान्य केले. "तुझं पोट बरं हाय. चरबी हाय," ती म्हणाली. पुरचुंडी सरकवताना काच उघडायची नाही, खोकायचं नाही आणि ढेकर द्यायचा नाही अशी ताकीद मिळाली. ओला पंचा पोटाला लागला तेव्हा माझ्या तोंडून जो आवाज निघाला, तो ऐकून ड्रायव्हर चहा प्यायला निघून गेला.

असा मी गाडीत बसलो आणि माझ्या आईने बर्फ पाहिला. आधी तिने वाकून बोट लावलं. मग ते बोट पदराला पुसलं. मग मूठभर बर्फ घेऊन वास घेतला. बायको काहीतरी सांगत होती, आई मान हलवत होती. पुढे दोघी ट्यूबवाल्याशी बोलताना दिसल्या आणि मला वाटलं, भाव विचारून परत येतील. त्या परत आल्या नाहीत. आई ट्यूबमध्ये बसली, बायको तिच्या मागे बसली, ट्यूबवाल्याने ढकललं, आणि लुगड्याचा काष्टा घातलेली माझी आई उतारावरून थेट माझ्या दिशेने आली. तोंड उघडं होतं, आवाज काचेमुळे ऐकू आला नाही. खाली थांबल्यावर ती उठली, लुगडं झटकलं आणि पुन्हा वर चालू लागली.

मी काच खाली करणार होतो, पण ताकीद आठवली. तीन वेळा घसरली ती. माझी पाळी आली तोवर ट्यूबवाला दुकान आवरत होता.

मुक्काम जरा मागे, नाका आणि बोगद्याच्या मधल्या गावात होता, त्यामुळे त्याच वाटेने परतताना तोच नाका पुन्हा लागला. पोलिसाने आत डोकावलं. आता माताजी सडपातळ होत्या आणि पोट माझं होतं. त्याने फक्त हात वर करून गाडीला जायची खूण केली, आणि गाडी वळेपर्यंत आमच्याकडे बघत उभा राहिला.

त्या संध्याकाळी खोलीत आम्ही आळीपाळीने बसलो. ड्रायव्हरनेही जेवताना पुरचुंडी मागून घेतली आणि जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढून तो राजमा-भात जेवला. मध्येच म्हणाला, "माताजी, हिल रहा है." आई म्हणाली, "तुझं पोट वाजतंय, बाबा."

सोमवारी सकाळी आईने फडकं सोडलं. आम्ही चौघे भोवती वाकलो होतो. वरच्या थरातले वाल तसेच, बोडके. आईने बोट घालून खाली उकरलं. मधल्या वालांना मोड होते. पांढरे, वाकडे, काही नखाएवढे, काही नखाच्या कडेएवढे. आई एक एक निवडून बाजूला ठेवत गेली. मोडाचे वेगळे, बोडके वेगळे. जेमतेम ओंजळभर निघाले.

"एका पानाला पुरतील," ती म्हणाली. "आपण बोडके खाऊ. आपण काय, जितं हाव."

मोडाचे वाल कोमट पाण्यात घातले आणि सगळे सोलायला बसले. घरमालकीण, गोल टोपी घातलेली तिथलीच बाई, न बोलावता येऊन बसली. सोलताना वाल सटकतो, हे ड्रायव्हरला माहीत नव्हतं. त्याचा पहिला वाल शेगडीत गेला, दुसरा माझ्या चष्म्यावर आला. आई आमच्या भाषेत आणि घरमालकीण तिच्या भाषेत बराच वेळ बोलत होत्या. विषय सुना असावा, कारण बायकोकडे दोघींनी एकाच वेळी बघितलं.

तिथे पाणी लवकर उकळतं पण वाल लवकर शिजत नाही. मालकिणीच्या कुकरमध्ये शिजवून आईने फोडणी दिली. ओवा तडतडला तसा ड्रायव्हर नाक वर करून आत आला. खोबरं बत्त्याने जमिनीवरच्या दगडावर ठेचलं. केळीचं पान उघडलं तर काळं पडून चिरफाळलं होतं, मधला तळहाताएवढा तुकडा हिरवा होता. त्यावर आईने भात, बिरडं आणि गुळाचा खडा वाढला आणि अंगणाभोवतीच्या ठेंगण्या दगडी गडग्यावर ठेवलं.

मग आम्ही कावळ्याची वाट बघू लागलो. आदल्या दिवसापासून मी लक्ष ठेवून होतो. बोगद्याच्या अलीकडे कावळे दिसले होते, पलीकडे एकही नाही. हे मी आईला सांगितलं नव्हतं. भातावरची वाफ पटकन विरली. आई गडग्यापासून चार हातांवर हात जोडून उभी होती. तिचे ओठ हलत होते. एकदा ती हळूच म्हणाली, "मोड आलेत. बघा तरी."

बराच वेळ गेला. मी ड्रायव्हरकडे बघत होतो, तो आकाशाकडे.

तेवढ्यात डोंगराच्या बाजूने एक काळा पक्षी खाली आला आणि गडग्यावर बसला. कावळ्याएवढाच. पण चोच पिवळीजर्द आणि पाय लालभडक. त्याने मान तिरकी करून पानाकडे बघितलं, भात सोडला, गूळ सोडला, आणि एक वाल उचलला.

आई त्याच्याकडे बारीक डोळे करून बघत राहिली. ती काय म्हणते यावर सगळं होतं. ती म्हणाली असती की हा कावळा नाही, तर पुढलं वर्षभर आमच्या घरात वडील उपाशीच राहिले असते.

"आई," बायको हळू म्हणाली, "चोच पिवळी आहे."

आई अजून बघत होती. पक्ष्याने दुसरा वाल उचलला, मग तिसरा. भाताला त्याने चोचही लावली नाही.

"हळद लागली असंल," आई म्हणाली.

"आणि पाय?"

"थंडी हाय, गो. मोजे घातले असतील."

तिने हात सोडले आणि पदराने डोळे पुसले. एवढ्यात तसाच दुसरा पक्षी आला आणि पहिल्याला ढकलून पानावर तुटून पडला. मी विचारलं, "आता हा कोण?"

"तुझा चुलता," आई म्हणाली. "बिनबोलावता जेवायला यायची खोडच व्हती त्याला." आणि ती आणखी भात आणायला आत गेली.