शिंगवाल्यांचे आभार

माझ्या बायकोच्या मामांइतके आभार या पृथ्वीतलावर दुसऱ्या कुणी मानले नसतील. जबलपूरच्या आमच्या मराठी मंडळात कीर्तन असो, हळदीकुंकू असो की गणपतीतलं नाटक, शेवटचं आभारप्रदर्शन मामांचंच. त्याशिवाय कार्यक्रम संपला हे त्यांना मान्यच नसे. मांडववाले, वीजवाले, चहावाले, पाऊस न पाडल्याबद्दल वरुणराजा, असे सगळ्यांचे आभार मानून होईपर्यंत निम्मे श्रोते घरी जाऊन झोपलेले असत. पिशवीत शाल आणि नारळ कायम. बडा फुहाऱ्याच्या बाजारातून ते शाली ठोकभावात आणत आणि मग सत्काराला माणूस शोधत. आमच्याकडे नळ दुरुस्तीला आलेल्या प्लंबरलाही त्यांनी शाल पांघरली होती. तो बिचारा इतका गांगरला की नारळ घेऊन गेला आणि पान्हा विसरला.

गेल्या गणपतीत मंडळाच्या नव्या मंडळींनी ‘वेळेअभावी’ आभारप्रदर्शनच काढून टाकलं. तेव्हापासून मामा महाराजपुरातल्या आपल्या घराबाहेर पडेनासे झाले. जेवणही कमी झालं. “त्यांना कुठं तरी घेऊन जा ना जी, जावईबापू,” मामी मला म्हणाल्या. “कार्यक्रम कोणता का असेना.”

नेमके त्याच आठवड्यात माझ्या मुलीने एका रॉक बँडचे पास आणले होते. त्यातले दोन मी मोठ्या ऐटीत मागून घेतले, कारण तरुणपणी आपण फार रॉक ऐकायचो ही थाप मी घरात वर्षानुवर्षं मारत आलो आहे. त्या थापेला शोभेसा काळा टी-शर्टही चढवला. तो पोटावर असा ताणला गेला की छातीवर छापलेली कवटी हसायला लागली.

मैदानाच्या गेटवर मामांचा नारळ अडला. “बाबूजी, ये अंदर नहीं जाएगा,” पहारेकरी म्हणाला.

“सत्कार के लिए है, भैया.”

“किसके?”

“जो अच्छा गाएगा उसके.”

शाल तेवढी आत गेली.

पांढराफटक चेहरा, डोळ्यांभोवती काजळाचे लपके आणि डोक्यावर शिंगं, असा गायक शवपेटीतून उठला आणि माझं रॉकप्रेम तिथेच संपलं. मी डोळे मिटून रामनाम सुरू केलं. “काहून जावईबापू, झोपून राहिले काय?” मामांनी विचारलं. ते स्वतः मजेत मांडीवर ताल धरून बसले होते. शेवटी त्या शिंगवाल्याची मान स्टेजवरच गिलोटिनच्या पात्याखाली दिली, मुंडकं टोपलीत पडलं, लाल रंगाची चिळकांडी उडाली, आणि मी मामांचा हात घट्ट धरून किंचाळलो. मग दिवे लागले. मुंडकं उडालेला गायक बाकीच्यांसोबत धडधाकट हात हलवत होता आणि लोक उठायला लागले होते. मी तर केव्हाच गेटकडे तोंड करून उभा होतो.

“बसा,” मामा म्हणाले. “आभार राहिले.” आणि शाल घेऊन थेट स्टेजच्या पायऱ्या चढले.

दोन दांडगे पहारेकरी धावले. मला मधे पडायचं होतं, पण मी खुर्चीची पाठच धरून उभा राहिलो. इथूनही मामांना हाकललं तर ते पुन्हा कधीच घराबाहेर पडणार नाहीत, ही भीती मात्र त्या मुंडक्यापेक्षा मोठी होती. तेवढ्यात गायकाने पहारेकऱ्यांना थांबवलं, शिंगं सांभाळत मान वाकवून शाल घेतली आणि माइक पुढे केला. “बोलिए, दादाजी.”

मामा बोलले. वीजवाल्या भैयांचे आभार मानले, साउंडवाल्यांचे मानले. “और इन बच्चों की माताओं का विशेष आभार,” ते म्हणाले, “जिनको ये सब घर में देखना पड़ता है.” सगळं मैदान हसलं. “और हमारे जमाईबाबू, जो इतना डरे, फिर भी आखिर तक बैठे.” मैदान आणखी हसलं, आणि माझ्या छातीवरची कवटीही. पण मामा खाली उतरेपर्यंत एकही माणूस जागेवरून हलला नाही. इतके श्रोते त्यांना जन्मात मिळाले नव्हते. त्या गायकाने वाकून त्यांच्या पायांना हात लावला तेव्हा मला रडू आलं, हेही सांगून टाकतो.

“आता झालं जी,” परतताना ऑटोत मामा म्हणाले. “याच्यापेक्षा मोठे आभार नाही होत.”

मला ते थट्टेत बोलल्यासारखं वाटलं होतं. यंदा मंडळाने त्यांना आभारप्रदर्शनासाठी आपणहून विचारलं, तर त्यांनी हसून हात जोडले आणि नको म्हणाले. आता ते नाटकाला येतात, माझ्या शेजारी बसतात आणि पडदा पडला की लगेच उठतात. “चला जावईबापू, संपलं,” म्हणतात. हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायला आम्ही वर्षानुवर्षं खुर्च्यांवर तळमळलो. आता ते ऐकलं की मला काही केल्या उठवत नाही.